खोकला अठरा दिवसांचा

जंतूंची प्लेट सहसा कुणी जवळून पाहिलेली नसते, म्हणून आधी तीच दाखवते. तळहातावर मावेल एवढी गोल, झाकणाची बशी. तिच्यात फिकट पिवळसर अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, थिजलेलं असतं. रुग्णाच्या लघवीतून, पुवातून किंवा रक्तातून वाढवलेला जंतू कापसाच्या बोळ्याने त्यावर सारवायचा. आधी उभा, मग आडवा, मग तिरका, कुठेही मोकळी जागा राहता कामा नये. त्यावर चिमट्याने कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकती सहा मिलिमीटरची आणि प्रत्येकीत वेगळं अँटिबायोटिक. रात्रभर प्लेट पस्तीस अंशांवर इन्क्युबेटरमध्ये राहते. सकाळी उजेडासमोर धरली की जंतूंचा दुधी थर सगळीकडे पसरलेला दिसतो आणि चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळं दिसतात. तिथे जंतू वाढू शकलेला नसतो. पट्टी लावून वर्तुळाचा व्यास मोजायचा, तक्त्याशी ताडून पाहायचा आणि रिपोर्टवर त्या औषधापुढे एस किंवा आर लिहायचं. एस म्हणजे औषध लागू पडेल. आर म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही.

कधी कधी वर्तुळ नसतंच. थर थेट चकतीच्या कडेला येऊन टेकलेला असतो. अशा वेळी वहीत सहा मिलिमीटर लिहायचं असतं, म्हणजे आपण फक्त कागद मोजलेला असतो. मी या कामाला लागले तेव्हा एका प्लेटवर तीन-चार सहा दिसले तरी आम्ही एकमेकींना हाका मारून दाखवायचो. आता सगळ्याच चकत्या थरात बुडालेली प्लेट आली तरी कुणी मान वर करत नाही. तिचा रिपोर्ट तेवढा आधी टाइप होतो आणि वॉर्डात फोन जातो.

रिपोर्टच्या खिडकीशी एक गृहस्थ आले होते, त्यांची गोष्ट सांगते. वडील आयसीयूत होते. कागद हातात धरून ते म्हणाले, ‘‘मॅडम, हे सगळीकडे आर आर आहे, म्हणजे काय?’’ रिपोर्ट समजावून सांगणं आमचं काम नाही, ते डॉक्टर सांगतात. पण खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला तसं म्हणवत नाही. सांगितलं. ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘पण अण्णांनी जन्मात कधी औषधं घेतली नाहीत हो. डोकं दुखलं तरी गोळी घ्यायचे नाहीत. मी समजू शकलो असतो, मी घेतो सारखा. त्यांना कशी सवय लागली?’’

अँटिबायोटिकच्या जनजागृतीबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते सगळं या प्रश्नाभोवती आहे. प्रश्न अडाणी नव्हता. गृहस्थ शिकलेले होते, वाचणारे होते, ‘उगाच अँटिबायोटिक घेऊ नका’ हे त्यांना ठाऊक होतं. मात्र त्यांच्या मनातलं चित्र असं होतं की माणूस औषधं घेतो, त्याच्या अंगाला ती सरावतात आणि मग त्या माणसाला ती लागू पडेनाशी होतात. दारू पिणाऱ्याला जसा एक पेला पुरेनासा होतो, तसंच काहीसं. या हिशेबाने जो जपून वागला तो सुरक्षित. मग अण्णांचं काय?

हे चित्र त्यांच्या एकट्याचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली बारा देशांत जवळपास दहा हजार लोकांना प्रश्न विचारले होते. शरीर औषधाला दाद देईनासं होतं, असं मानणारे ७६ टक्के निघाले. जे वारंवार औषधं घेतात त्यांनाच याचा धोका आहे, असं ४४ टक्क्यांना वाटत होतं. सर्दी आणि फ्लूवर अँटिबायोटिक चालतं असं मानणारे ६४ टक्के होते. या तिसऱ्या आकड्यावर सगळे बोट ठेवतात, कारण त्याची घोषणा चटकन तयार होते. मला पहिले दोन जास्त महत्त्वाचे वाटतात. ज्याला हे प्रकरण आपल्या अंगापुरतं वाटतं, तो स्वतःच्या अंगापुरताच निर्णय घेणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

बदलतो तो जंतू. खरं तर ‘बदलतो’ म्हणतानाही जपायला हवं. अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणून बसवली. जंतूंच्या वसाहती वाढलेल्या प्लेटवर ती हलकेच टेकवली आणि मग एकामागून एक नव्या प्लेटींवर उमटवली, शिक्के मारावेत तशी. नव्या प्लेटींत स्ट्रेप्टोमायसिन होतं. बहुतेक सगळे जंतू मेले. एखाद-दुसरा वाचला, पण प्रत्येक प्लेटवर त्याच एका जागी. मग ते मूळ प्लेटकडे परतले. तिला औषधाचा वासही लागलेला नव्हता. त्या जागेवरचे जंतू उचलून पाहिले तर त्यांच्यात औषधाला न जुमानणारे मिळाले. म्हणजे ते आधीपासूनच तिथे होते. औषधाने त्यांना काही शिकवलं नव्हतं. बाकीच्यांना मारून त्यांना मैदान मोकळं करून दिलं, इतकंच.

जंतूची संख्या कोट्यवधींत असते आणि ई. कोलायसारखा जंतू सगळं मनासारखं असलं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या गर्दीत डीएनएची, म्हणजे आनुवंशिक माहितीची, नक्कल करताना कुठे तरी एक अक्षर चुकतंच. ते चुकणं आपल्या हातात नाही. निवड मात्र आपण करतो, प्रत्येक गोळीसरशी. त्यात गोळी घशासाठी घेतली म्हणून ती घशापुरती थांबत नाही. आतड्यात राहणाऱ्या, कुणाचं काही वाकडं न करणाऱ्या असंख्य जंतूंनाही ती चाळून काढते.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. जपानमध्ये १९५०च्या दशकात आमांशाच्या साथींत असे शिगेला जंतू सापडू लागले, ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही चारही औषधं एकदम निरुपयोगी ठरत. एकाच जंतूत चार वेगवेगळे योगायोग एकत्र येणं अशक्य वाटावं असं होतं. तिथल्या संशोधकांनी दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं की ही क्षमता एका जंतूकडून दुसऱ्याकडे आयती जाते आणि तीही वेगळ्या जातीच्या. आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय ती शिगेलाला देऊ शकतो. वर्गात चिठ्ठी फिरावी तसा डीएनएचा एक छोटा गोल तुकडा या जंतूकडून त्या जंतूकडे सरकतो आणि त्यावर चारही औषधांवरचे तोडगे एकत्र लिहिलेले असतात. हे सगळं आधी जपानीत छापलं गेल्यामुळे बाकी जगाला कळायला आणखी काही वर्षं गेली, हे जाता जाता.

मी खिडकीतल्या गृहस्थांना यातलं फार थोडं सांगितलं. अण्णांना कशाचीही सवय लागलेली नाही, त्यांच्या अंगात जो जंतू शिरला तो आधीच बरीच औषधं पचवून आलेला आहे, एवढंच. तो कुठून आला हे कुणीच सांगू शकत नाही. दुसऱ्या रुग्णाकडून, कुणाच्या हातावरून, एखाद्या नळीवरून, पाण्यातून, किंवा त्यांच्याच आतड्यात कधीचा मुक्कामाला असेल. त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे दुसऱ्यांनी घेतलेल्या गोळ्यांचं हे?’’ मी म्हटलं, ‘‘काही अंशी, हो.’’ त्यांनी कागदाची घडी घातली आणि ते गेले. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. आमच्यापर्यंत नमुने येतात, माणसं पुढे कुठे जातात ते कळत नाही.

अलेक्झांडर फ्लेमिंगला हा मुद्दा पहिल्याच दिवसापासून दिसला होता. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात त्याने एका कल्पित गृहस्थाची गोष्ट सांगितली. या गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट पेनिसिलिनला तोंड द्यायला तयार होतात. मग बायकोला त्याच्यामुळे लागण होते, न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन देतात, ते चालत नाही आणि ती मरते. मरते ती बायको, हे लक्षात घ्यावं. जनजागृतीची ही बहुधा सगळ्यात जुनी गोष्ट आणि तिच्यात नेमकं जे महत्त्वाचं होतं, म्हणजे चूक एकाची आणि जीव दुसऱ्याचा, तेच पुढच्या भित्तिपत्रकांतून गळून गेलं. उरला तो दटावणीचा सूर.

गंमत अशी की फ्लेमिंगने गोष्टीसाठी निवडलेला जंतू चुकला. घसा दुखवणारा तो स्ट्रेप्टोकोकस आजतागायत पेनिसिलिनने मरतो. ऐंशी वर्षांत त्याला पेनिसिलिनला तोंड देणं जमलेलं नाही. ज्याला जमलं तो स्टॅफिलोकोकस, गळवं आणणारा जंतू. लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात १९४८ पर्यंतच निम्म्याहून अधिक स्टॅफिलोकोकस पेनिसिलिनला जुमानेनासे झाले होते. त्यावर उतारा म्हणून १९५९ साली मेथिसिलिन आलं आणि १९६१ साली मेथिसिलिनला न जुमानणारा जंतू आढळल्याची नोंद छापून आली.

तेव्हा घाबरण्याचं कारण नव्हतं, कारण पुढचं औषध तयार असायचं. आता ती रांग संपत आली आहे आणि तिथे विज्ञानाइतकाच हिशेबाचाही अडसर आहे. नवं अँटिबायोटिक निघालं की डॉक्टरांनी ते शक्यतो वापरू नये, कपाटात जपून ठेवावं, असं आपण म्हणतो. बरोबरच म्हणतो. मग ते बनवणाऱ्या कंपनीने जगायचं कशावर? अमेरिकेतल्या अकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषध चांगलं होतं. जनावरांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून अँटिबायोटिक देण्याचा प्रकार हे आणखी एक मोठं प्रकरण. स्वीडनने तो १९८६ साली बंद केला आणि युरोपीय संघाने २००६ साली. जगभर तो अजून बंद झालेला नाही. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे एवढंच.

तर जनजागृती. दर वर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा जगभर यासाठी पाळतात. इमारतींवर निळे दिवे सोडतात, लोक निळे कपडे घालतात, भाषणं होतात. त्यातली काही मीही करते. सुरुवात बहुतेक वेळा आकड्यांनी होते: २०१९ या एका वर्षात थेट जंतू औषधांना न जुमानल्याने सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू आणि ज्यांत याचा हातभार होता असे धरले तर सुमारे ४९ लाख ५० हजार. २०२५ ते २०५० या काळात थेट मृत्यू ३ कोटी ९० लाखांच्या घरात जातील, असा २०२४ सालचा अंदाज आहे. आकडे नीट काढलेले आहेत, खोटे नाहीत. पण सभागृहात बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावं. कोटी आले की तो आदराने ऐकतो आणि त्याच्या आत काही हलत नाही. या मृत्यूंना चेहरा नाही, हे एक कारण. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया असतो, सेप्सिस असतो, किडनी निकामी झाल्याचं असतं. औषधं चालली नाहीत हे तिथे सहसा कुणी लिहीत नाही. घरचे लोकही पुढे आयुष्यभर ‘न्यूमोनियाने गेले’ असंच सांगतात.

आणि समजा हललं, भीती वाटली. तरी माणसाने करायचं काय? घाबरलेला माणूस तर जास्तच औषध मागतो.

या बाबतीत इंग्लंडमध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण आमच्यासारख्या भाषणं ठोकणाऱ्यांना तो जमिनीवर आणतो. आपापल्या भागात सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांची यादी काढली, सुमारे दीड हजार. त्यातल्या निम्म्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र गेलं: तुमच्या भागातल्या ८० टक्के दवाखान्यांपेक्षा तुमच्याकडे अँटिबायोटिक जास्त लिहिलं जातं. सोबत कमी कसं करता येईल याच्या दोन-तीन साध्या सूचना. सहा महिन्यांत त्यांचं प्रमाण ३.३ टक्क्यांनी घटलं, म्हणजे सत्तर हजारांहून अधिक औषधं लिहिली गेली नाहीत. एका पत्रात. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या टप्प्यात रुग्णांसाठी पत्रकं आणि भित्तिपत्रकं पाठवली. फरक पडला नाही. हे २०१६ साली छापून आलं, तरी भित्तिपत्रकं आजही छापली जातात.

पण भित्तिपत्रक सरसकट वाया जातं असं म्हणायलाही जागा नाही. लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत लावलं होतं. त्यावर त्या डॉक्टरचा स्वतःचा फोटो होता, खाली सही होती आणि मजकूर असा की अँटिबायोटिक गरज असेल तेव्हाच देईन, हे माझं वचन. श्वसनमार्गाच्या आजारांत विनाकारण दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकचं प्रमाण इतर डॉक्टरांच्या तुलनेत जवळपास २० टक्केबिंदूंनी उतरलं. पहिल्या प्रयोगात कागद बाहेरच्या भिंतीवर होता आणि तो सगळ्यांना उद्देशून, म्हणजे कुणालाच उद्देशून नव्हता. दुसऱ्यात तो त्या खोलीत होता जिथे दोन माणसं समोरासमोर बसतात, आणि त्यांच्यातलं न बोललेलं काही तरी तो बोलून टाकत होता.

काय न बोललेलं? रुग्णाला वाटतं, डॉक्टर म्हणतील ते घ्यावं. डॉक्टरला वाटतं, हा गोळीसाठी आलाय, नाही दिली तर दुसरीकडे जाईल. रुग्ण पुष्कळदा गोळीसाठी आलेलाच नसतो. त्याला विचारायचं असतं की हे काही भलतंसलतं नाही ना, आणि उद्या कामावर जाता येईल ना. रुग्णाला औषध हवंय असं डॉक्टरला नुसतं वाटलं तरी औषध लिहिलं जाण्याची शक्यता वाढते, हे बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे दोघेही एकमेकांना खूश ठेवण्यासाठी एका जंतुनाशकाची देवाणघेवाण करतात.

इथे खोकल्याचा हिशेब येतो. साधा, छातीत कफ भरणारा, विषाणूमुळे होणारा खोकला सरासरी किती दिवस टिकतो? अमेरिकेत २०१३ साली बरेच अभ्यास एकत्र करून याचं उत्तर काढलं, ते जवळपास अठरा दिवस आलं. त्याच वेळी जॉर्जिया राज्यातल्या लोकांना फोन करून विचारलं, तुमच्या मते किती दिवस? उत्तरं आली सात ते नऊ दिवस. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. माणूस आठवडाभर कळ काढतो. आठव्या दिवशी, त्याच्या हिशेबाने, आजार वेळेबाहेर गेलेला असतो, म्हणून तो डॉक्टरकडे जातो. पाच-सात दिवसांचं अँटिबायोटिक मिळतं. ते संपता संपता पंधरावा दिवस उजाडतो, खोकला आपणहून उतरणीला लागलेला असतो आणि श्रेय गोळीला जातं. पुढच्या खेपेला तो आठव्या दिवसाची वाटही पाहत नाही, तिसऱ्याच दिवशी जातो आणि सांगतो, ‘‘मला त्याच गोळीने बरं वाटतं.’’ तो खोटं बोलत नसतो. त्याचा अनुभवच तसा असतो.

अनुभवाशी घोषणेने भांडता येत नाही. पण अठरा हा आकडा सांगता येतो. माझ्या भाषणांत कोट्यवधी मृत्यूंच्या आकड्यावर वही उघडणारं कुणी नसतं, अठरा दिवसांवर मात्र लोक लिहून घेतात. मग पुढचं विचारतात आणि तेही सांगता येतं. घसा साधारण आठवडाभर, सर्दी दहा-अकरा दिवस, सायनसचं दुखणं अडीच आठवड्यांपर्यंत. सोबत हेही ठणकावून सांगावं लागतं की धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, माणूस असंबद्ध बोलायला लागला असेल, लघवी कमी झाली असेल, तान्हं मूल दूध ओढेनासं झालं असेल, तर दिवस मोजत बसायचं नाही. तिथे अँटिबायोटिक वेळेवर न मिळणं जिवावर बेततं. जगाच्या मोठ्या भागात आजही माणसं औषध चालत नाही म्हणून नव्हे, मिळत नाही म्हणून मरतात. ‘कमी घ्या’ हा संदेश त्यांना ऐकवणं क्रूर आहे.

दर वेळी कुणी तरी हमखास विचारतं, ‘‘कोर्स पूर्ण करायचाच ना?’’ आणि मी अडचणीत येते. कारण वर्षानुवर्षं हेच एक वाक्य आम्ही लोकांच्या मनावर बिंबवलं आणि ते बऱ्याच अंशी पुराव्याशिवाय होतं. क्षयरोगात ते पूर्ण खरं आहे. तिथे मध्येच सोडणं म्हणजे अनर्थ. पण न्यूमोनिया किंवा लघवीच्या साध्या जंतुसंसर्गासारख्या नेहमीच्या आजारांत कमी दिवसांचं औषध लांबलचक औषधाइतकंच गुणकारी असल्याचं अभ्यासामागून अभ्यास दाखवत आलेत आणि जास्त दिवस घेतलं की आतड्यातल्या जंतूंची चाळणी तेवढी जास्त होते. इंग्लंडमधल्या काही तज्ज्ञांनी २०१७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात स्पष्ट लिहिलं की हा कोर्सचा आग्रह आता सोडायला हवा. त्यावर बरीच धुसफूस झाली. लोकांना एकदा शिकवलेलं पुन्हा उलटं शिकवायचं तर विश्वास जातो, ही भीती खोटी नाही. मी सध्या एवढंच सांगते की मनाने थांबवू नका आणि मनाने लांबवूही नका. औषध लिहून घेतानाच विचारा, याहून कमी दिवसांत भागेल का? हा प्रश्न डॉक्टरांना आवडतो की नाही, यावरून तुम्हाला डॉक्टरही कळतील. (हे शेवटचं वाक्य भाषणात म्हणत नाही, लेखात चालून जाईल.)

आणखी एक रीत आहे, ती मला सगळ्यात माणुसकीची वाटते. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात पण म्हणतात, लगेच आणू नका, दोन-तीन दिवस थांबा, वाढलं तर आणा. ब्रिटनमध्ये यावर बरंच काम झालं आहे. चिठ्ठी हातात देऊन ‘घ्या’ म्हटलं तर दहातले नऊजण औषध घेतात. ‘थांबून बघा’ म्हटलं तर साधारण तिघेच घेतात, आणि उरलेले डॉक्टरवर नाराज असतात असंही नाही. चिठ्ठी खिशात असली की माणूस धीर धरू शकतो. त्याला गोळीपेक्षा आधार हवा होता, हे यातून निघतं असं मला वाटतं.

एका कार्यक्रमानंतर एक तरुण डॉक्टर थांबले होते. म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं सगळं पटतं. पण तुमच्याकडे प्लेट असते. माझ्याकडे रात्री साडेनऊला आलेलं, एकशे तीन ताप असलेलं पोर असतं आणि बाहेर वीस माणसं. जंतू की विषाणू हे तुम्हाला कळायला दोन दिवस लागतात, मला पाच मिनिटांत ठरवायचं असतं. दहातल्या नऊ वेळा नाही दिलं तरी चालेल, हे मलाही माहितीये. दहावा कोणता ते सांगा.’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर शोधणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये २०१४ साली ‘लाँजिट्यूड’ नावाचं बक्षीस लावलं. कोणत्या प्रश्नावर बक्षीस लावायचं हे लोकांनीच मतदानाने ठरवलं आणि अँटिबायोटिकचा प्रश्न निवडला. जनजागृतीचं इतकं ठोस फळ मी दुसरं पाहिलेलं नाही. बक्षिसाचा निकाल लागायला दहा वर्षं गेली. जून २०२४ मध्ये ते स्वीडनच्या एका चमूला मिळालं. त्यांचं छोटं यंत्र लघवीच्या थेंबांवरून पंधरा मिनिटांत जंतू आहेत की नाहीत ते सांगतं आणि पाऊण तासात कोणतं औषध चालेल तेही. मी हे त्या डॉक्टरांना उत्साहाने सांगितलं. ते हसले. ‘‘लघवीचं झालं. तापाचं कधी?’’

मग थोडं थांबून त्यांनीच सांगितलं की हल्ली ते एक करतात. ज्या मुलाला अँटिबायोटिक न देता घरी पाठवलं, त्याच्या आईचा नंबर एका वहीत लिहून ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी स्वतः फोन करतात. बहुतेक वेळा पलीकडून ‘ताप उतरला, खेळतोय’ असं ऐकू येतं. कधी ‘कान दुखतोय म्हणतो’ असं आलं की लगेच बोलावतात. यात त्यांचा रोजचा अर्धा तास जातो, त्याची फी कुणी देत नाही आणि मदतीला ठेवलेला माणूस त्यांना वेड्यात काढतो. मी विचारलं, ‘‘आणि आया?’’

‘‘त्या आता आधीच विचारतात, डॉक्टर, औषध देताय की फोन करताय?’’